हिवाळी सुट्टीत मुलं ठणठणीत ठेवायची तर: कोल्हापूरकर घरांसाठी सविस्तर मार्गदर्शन

कोल्हापूरची थंडी तशी सोसण्याजोगी. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १४-१५ अंशांपर्यंत उतरतो आणि दुपारी पुन्हा २९-३० वर चढतो. तरीही नाताळच्या सुट्टीपासून संक्रांतीपर्यंत बालरोगतज्ज्ञांकडे बसायला जागा नसते. थंडीला दोष देणं सोपं आहे, पण ती निमित्तमात्र असते. पाहुणे आल्यावर खिडक्या लावून एका खोलीत दहाजण झोपतात, पाचटाचा नि शेकोटीचा धूर घरात येतो, न्हाणीत उकळतं पाणी असतं आणि मुलांच्या झोपेचं-जेवणाचं वेळापत्रक कोलमडतं. मुलं आजारी पडतात किंवा त्यांना इजा होते ती बहुतेक या चार गोष्टींमुळे, आणि या चारही आपल्या हातातल्या आहेत.

सुट्टी लागण्याआधीच्या रविवारी

दोन तास काढा आणि पुढची कामं उरकून घ्या. सुट्टीत रात्री अकरा वाजता औषधाचं दुकान शोधत फिरण्यापेक्षा हे कितीतरी सोपं.

पहिलं काम, लसीकरणाचं कार्ड काढून बघा. राहिलेली लस असेल तर घेऊन टाका. गोवर-रुबेला, न्यूमोकोकल (न्यूमोनियाविरुद्धची) आणि रोटाव्हायरस (जुलाबाविरुद्धची) या लसी सरकारी केंद्रात मोफत मिळतात. फ्लूची लस मात्र खाजगी दवाखान्यात विकत घ्यावी लागते. ती सहा महिन्यांच्या पुढच्या मुलांना दरवर्षी देतात. नऊ वर्षांखालच्या मुलाला आयुष्यात पहिल्यांदाच देत असाल तर चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात. लस घेतल्यावर संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे जातात, म्हणून आदल्या दिवशी घेऊन सहलीला निघालात तर तिचा त्या सहलीपुरता उपयोग नाही.

दुसरं, मुलाचं वजन करून कागदावर लिहा. लहान मुलांच्या औषधाचं माप वजनावर ठरतं, वयावर नाही. तो कागद फ्रिजवर लावा. त्यावरच सुट्टीत सुरू असणाऱ्या बालरोगतज्ज्ञांचा नंबर, रात्री उघडं असणारं मुलांचं हॉस्पिटल, १०८ रुग्णवाहिका आणि ११२ हा तातडीच्या मदतीचा नंबर हे लिहा. तुमचे नेहमीचे डॉक्टर नाताळच्या आठवड्यात बाहेरगावी जाणार आहेत का, हे आधीच विचारून ठेवा.

तिसरं, औषधाचा डबा. त्यात डिजिटल थर्मामीटर, पॅरासिटामॉल सिरप (एकाच तीव्रतेची एकच बाटली), मिलिलिटरच्या खुणा असलेली मापाची सिरिंज, ओआरएसची चार पाकिटं, झिंक, नाकात टाकायचे मिठाच्या पाण्याचे थेंब म्हणजे सलाईन ड्रॉप्स, बँडेज, कापूस आणि मुलाला बाळदमा असेल तर त्याचा पंप नि स्पेसर (पंपाला जोडायची नळी) एवढं पुरे. गेल्या वर्षीची उघडलेली बाटली टाकून द्या. खोकल्याचं औषध या डब्यात नको, त्याचं कारण पुढे येईल.

चौथं, माळ्यावरचे स्वेटर, कानटोप्या नि वाकळा उतरवून एक दिवस कडक उन्हात टाका, धुण्याजोगे धुऊन घ्या. कपाटात डांबर गोळ्या ठेवल्या असतील तर त्यांचा वास पूर्ण जाईपर्यंत ते कपडे तान्ह्या बाळाला घालू नका. काही मुलांमध्ये जन्मतः जी-सिक्स-पीडी नावाचं एक विकर (एन्झाइम) कमी असतं. अशा बाळांच्या तांबड्या पेशी डांबर गोळीच्या वासानेसुद्धा फुटतात आणि बाळ पिवळं पडतं. आणि पांढऱ्या गोळ्या मुलांना गोळी-बिस्किटासारख्या दिसतात, त्या तोंडात जातात.

आंघोळ, बंब आणि गॅस गिझर

हिवाळ्यातले सर्वांत वाईट अपघात न्हाणीत होतात, म्हणून इथे जरा सावकाश वाचा.

अजूनही अनेक घरांत बंब पेटतो. करवंट्या, शेणी, जळण घालून तापलेल्या बंबातलं पाणी जवळजवळ उकळतं असतं, आणि बंबाची तोटी नेमकी दोन-तीन वर्षांच्या मुलाच्या हाताला येईल अशा उंचीवर असते. मूल ती फिरवतं आणि पाणी थेट पोटावर नि मांड्यांवर येतं. तोटीला जाड फडकं गुंडाळून ठेवल्याने काही होत नाही. बंब पेटलेला असताना न्हाणीचं दार बाहेरून कडी लावून बंद ठेवायचं, हा एकच नियम चालतो. बादलीत आधी गार पाणी, मग त्यावर गरम. उलट क्रमाने केलं की मधल्या अर्ध्या मिनिटात बादलीत नुसतं उकळतं पाणी असतं आणि त्याच वेळी मूल वाकून बघतं. पाणी कोपराने तपासा, हाताला पुरेसं कळत नाही, कारण स्वयंपाक करणाऱ्या हाताला गरमची सवय झालेली असते. कोपराला कोमट लागलं की बाळाला बरोबर.

गॅस गिझरचा धोका दिसत नाही म्हणून जास्त. बंद बाथरूममध्ये गिझर सुरू असला की हवेतला प्राणवायू कमी होतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणसाला चक्कर येते, मळमळतं आणि काही मिनिटांत ते खाली पडतं. मुलांचं श्वसन मोठ्यांपेक्षा जलद असल्याने त्यांना आधी त्रास होतो. गिझर बाथरूमच्या बाहेर, उघड्या जागी बसवून घ्या. ते जमेपर्यंत असं करा: खिडकी उघडी ठेवून बादल्या भरा, गिझर बंद करा, दार दोन-तीन मिनिटं उघडं ठेवा, मग मुलाला आत न्या. आत कोणी बेशुद्ध दिसलं तर दार-खिडकी उघडा, गॅस बंद करा, माणसाला मोकळ्या हवेत ओढून आणा आणि १०८ ला फोन करा. बंद न्हाणीत पेटवलेल्या बंबालाही हेच सगळं लागू आहे.

लहान मुलांना सकाळी सहाला आंघोळ घालायचा आग्रह सोडा. दहा-अकराच्या सुमारास ऊन आलं की घाला. आधी कोमट खोबरेल किंवा तिळाच्या तेलाने मालिश, मग पाच-सात मिनिटांची आंघोळ, अंग टिपून लगेच तेल किंवा साधं मॉइश्चरायझर. अंग ओलसर असतानाच लावलं तर ते टिकतं, तासाभराने लावून कातडी फुटायची थांबत नाही. बाळाच्या नाकात नि कानात तेल घालू नका. नाकातलं तेल श्वासाबरोबर फुफ्फुसात उतरतं आणि त्याने होणारा न्यूमोनिया महिनोन्महिने बरा होत नाही.

आंघोळीनंतर विस्तवावर ओवा-वावडिंग टाकून बाळाला धुरी द्यायची पद्धत आहे. ती मायेपोटीच आलेली, पण धूर तो धूरच. बाळाच्या श्वासनलिका काडीएवढ्या असतात, त्या धुराने सुजतात. ऊब हवी तर आईच्या किंवा आजीच्या उघड्या छातीशी बाळ धरून वरून पांघरूण घ्यायचं. याहून चांगली शेगडी नाही. रात्री एक वर्षाखालच्या बाळाला पाठीवर झोपवा, अंगावर जड वाकळ टाकू नका. झोपेत ती तोंडावर येते आणि बाळाला ती बाजूला करता येत नाही. दोन थरांचे सुती कपडे, पायमोजे आणि हलकं पांघरूण छातीपर्यंत. बाळाला गरम होतंय की गार, हे मानेच्या मागे हात लावून बघा. हातपाय गार असणं लहान बाळात नेहमीचंच असतं, मान घामेजली असेल तर एक कपडा कमी करा.

मोठ्या मुलांचा प्रश्न उलटा असतो. सकाळी आठला घातलेला स्वेटर दुपारी दोनलाही अंगावर असतो, मूल खेळून घामाघूम होतं आणि संध्याकाळी तोच ओला बनियन अंगावर वाळतो. दुपारी घरी आल्यावर बनियन बदला.

धूर

गळीत हंगामात गावांच्या बाजूला पाचट पेटतं आणि पहाटेच्या थंड हवेत तो धूर वर न जाता जमिनीलगत पसरून राहतो. बाळदमा असलेल्या मुलाला याचा त्रास हमखास होतो. अशा दिवसांत पहाटे सहा ते आठ आणि संध्याकाळनंतर खिडक्या लावा, अकरा ते चार मात्र सगळ्या उघडा. दिवसभर बंद घरात पाहुण्यांचे विषाणू फिरत राहतात. शेकोटी करायचीच असेल तर फक्त सुकं लाकूड. प्लास्टिक, टायर, रंगवलेली फळी नको. आणि वाऱ्याने धूर ज्या बाजूला जातो तिकडे मूल बसवू नका.

बाळदम्याच्या मुलाचा रोजचा पंप बरं वाटतंय म्हणून सुट्टीत बंद होतो आणि ३१ डिसेंबरच्या रात्री दम लागतो. हे टाळण्यासाठी डॉक्टरांकडून सुट्टीआधी एका कागदावर लिहून घ्या: रोजचं काय, धाप लागली तर काय, किती वेळा, आणि कधी हॉस्पिटल गाठायचं. पंप वापरताना तो आधी हलवा, स्पेसरला लावा, मास्क तोंड-नाकावर घट्ट बसवा, एकच दाब द्या आणि मुलाला पाच-सहा साधे श्वास घेऊ द्या. अर्ध्या ते एका मिनिटाने पुढचा दाब. दोन-तीन दाब एकदम दिले की औषध स्पेसरच्या भिंतीला चिकटतं, मुलाला मिळत नाही. पंपाची सवय लागते ही भीती खोटी आहे. पंपाच्या औषधाचा डोस गोळी-सिरपापेक्षा कितीतरी लहान असतो.

खाणं

हिवाळ्यात कोल्हापूरचा बाजार मुलांसाठी सोन्यासारखा असतो. पेरू, बोरं, आवळे, गाजरं, ओला हरभरा, मेथी, घेवडा. यातलं रोज एक फळ आणि एक पालेभाजी पोटात गेली तर टॉनिकच्या बाटलीची गरज पडत नाही. ज्वारी-बाजरीची भाकरी दुधात किंवा आमटीत कुस्करून दिली तर वर्षाचं मूलही खातं.

रविवारी मटण असेल तर मुलांचा वाटा म्हणजे अळणी. मटण हळद, मीठ, आलं-लसूण घालून शिजवलं की कांदा-लसूण मसाला पडण्याआधी वाटीभर पाणी नि चार मऊ तुकडे बाजूला काढा, भातात कालवून द्या. लहान मुलाला तुकडे बोटांनी धाग्यासारखे सोडवून द्या, सबंध तुकडा देऊ नका. तांबडा रस्सा पाच-सहा वर्षांच्या मुलाने हट्टाने मागितला तर भातावर चमचाभर. पोटात जळजळ झाली की रात्रभर झोप नाही, आणि खोकला असलेल्या मुलाला तर तिखटाने उबळ येते.

दूधकट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध प्यायची आपल्याकडची हौस मोठी आहे. लहान मुलांना ते देऊ नका. न उकळलेल्या दुधातून ब्रुसेलोसिस (जनावरांकडून येणारा तापाचा आजार), क्षयरोग आणि जुलाबाचे जंतू जातात, जनावर तब्येतीने कितीही दणकट दिसत असलं तरी. उकळी आणून थंड केलेलं दूध तेवढंच पौष्टिक असतं. एक ते पाच वर्षांच्या मुलाला दिवसाला ४०० ते ५०० मिली दूध भरपूर झालं. त्याहून जास्त प्यायलं की मूल जेवत नाही आणि रक्त कमी होतं. चहा-बटर सकाळच्या नाश्त्यातून काढून टाका, चहामुळे जेवणातलं लोह अंगी लागत नाही.

डिंकाचा किंवा अळिवाचा छोटा लाडू दिवसाला एक चालतो. गूळ साखरेपेक्षा चवीला सरस असला तरी दातांना दोन्ही सारखेच. तिळगूळ-चिक्की खाऊन झोपलेल्या मुलाचे दात किडतात, म्हणून रात्रीचा ब्रश सुट्टीतही सुटू नये.

सर्दी, खोकला, ताप

साधी सर्दी सात ते दहा दिवस राहते, खोकला दोन-तीन आठवडेसुद्धा रेंगाळतो. शेंबूड तिसऱ्या-चौथ्या दिवशी घट्ट नि पिवळा-हिरवा होतो, तो सर्दीचाच भाग. त्यासाठी अँटिबायोटिक लागत नाही आणि विषाणूवर ते चालतही नाही. घरात मागच्या वेळचं उरलेलं अँटिबायोटिक असेल तर ते दोन दिवस देऊन बघायचा मोह आवरा.

नाक चोंदलं असेल तर दूध पाजण्याआधी आणि झोपण्याआधी प्रत्येक नाकपुडीत सलाईनचे दोन-दोन थेंब टाका, मिनिटभर थांबा, मग मऊ फडक्याने पुसा. लहान बाळं तोंडाने श्वास घ्यायला शिकलेली नसतात, नाक मोकळं झालं की पिणं आपोआप सुधारतं. एक वर्षाच्या पुढच्या मुलाला झोपताना अर्धा ते एक चमचा मध खोकल्याला खरंच उतार देतो. एक वर्षाच्या आत मध अजिबात नाही, चाटवायलासुद्धा नाही. मधात बोट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात, त्यांनी बाळाचे स्नायू लुळे पडतात.

आता खोकल्याचं औषध. मध्य प्रदेशात छिंदवाडा जिल्ह्यात २०२५ मध्ये भेसळयुक्त खोकल्याच्या सिरपामुळे लहान मुलांची मूत्रपिंडं निकामी होऊन मृत्यू झाले, त्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य सापडलं. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने पुन्हा बजावलं की दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नयेत आणि पाच वर्षांखालीही ती सहसा टाळावीत. भेसळ नसली तरी या वयात त्यांचा फायदा नगण्य आणि गुंगीचा धोका मोठा. दुकानदाराने काउंटरवरून दिलेली बाटली घेऊ नका.

पातेल्यातल्या पाण्याची वाफ लहान मुलांना देऊ नका. फायदा थोडा, आणि पातेलं लवंडून मांड्या भाजलेली मुलं दर हिवाळ्यात दवाखान्यात येतात. कापराची पुरचुंडी बाळाच्या गळ्यात किंवा उशीखाली ठेवू नका. कापराचा छोटा तुकडा जरी पोटात गेला तरी फिट येऊ शकते.

तापासाठी पॅरासिटामॉल, वजनाच्या दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम. गोंधळ होतो तो बाटल्यांमुळे. एका सिरपात ५ मिलीत १२५ मिग्रॅ असतं, दुसऱ्यात २५० मिग्रॅ, आणि तान्ह्यांच्या थेंबांत १ मिलीतच १०० मिग्रॅ. १२ किलोच्या मुलाला १५० मिग्रॅ द्यायचं तर १२५ च्या सिरपाचे ६ मिली, २५० च्या सिरपाचे ३ मिली आणि थेंबांचे दीड मिली. बाटली बदलली नि माप तेच ठेवलं की डोस दुप्पट-चौपट होतो किंवा उलट निम्मा-पाव. आई एका वेळी देते, आजी विसरून पुन्हा देते, हेही घडतं, म्हणून फ्रिजवरच्या कागदावर वेळ लिहा. दोन डोसांत किमान चार ते सहा तास, चोवीस तासांत चारपेक्षा जास्त नाही. अ‍ॅस्पिरिन मुलांना कधीच नाही. ताप आलाय म्हणून वाकळेत गुंडाळू नका, हलके कपडे घाला आणि थोडं थोडं पाणी, पेज, सूप देत राहा. ताप उतरल्यावर मूल खेळायला लागलं तर घाबरण्यासारखं सहसा काही नसतं. ताप उतरूनही ते मलूल राहिलं तर दाखवा.

तापात झटका आला तर मुलाला कुशीवर वळवा, घड्याळ बघा, तोंडात चमचा-बोट घालू नका. कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात मोलाचा वेळ जातो. पाच मिनिटांत थांबला नाही तर लगेच १०८. पहिलाच झटका असेल तर थांबला तरी त्याच दिवशी दाखवा.

श्वास मोजायला शिका, ही या लेखातली सर्वांत उपयोगी गोष्ट आहे. मूल शांत किंवा झोपलेलं असताना बनियन वर करा, पोटाकडे बघत पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चाराने गुणू नका, चूक होते. दोन महिन्यांखाली मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त श्वास भरले तर न्यूमोनियाची शंका. आपल्याकडे ज्याला पोट उडणं म्हणतात, म्हणजे श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडणं, ते दिसलं तर आकडा कितीही असो, लगेच हॉस्पिटल. याशिवाय: ओठ-जीभ निळसर, मूल पीत नाही किंवा सगळं उलटतं, जागं करूनही जागं होत नाही, कण्हतं, सहा-आठ तास लघवी नाही. आणि तीन महिन्यांखालच्या बाळाला १००.४ फॅरेनहाइट ताप आला तर घरी औषध देऊन वाट बघायची नाही, रात्रीचे दोन वाजले असले तरी निघायचं.

जुलाब

मुलांचे पाण्यासारखे जुलाब उन्हाळ्यातलेच असं समजू नका. रोटाव्हायरस आपल्याकडे थंडीतच जोर करतो. एक पाकीट ओआरएस बरोबर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात. अर्ध्या ग्लासात अर्धं पाकीट अंदाजाने टाकलं तर मीठ जास्त होऊन अपाय होतो. लहान २०० मिलीची पाकिटंही मिळतात, पाकिटावर वाचा. दोन वर्षांखाली प्रत्येक जुलाबामागे ५० ते १०० मिली, त्यापुढे १०० ते २०० मिली, चमच्या-चमच्याने. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून आणखी सावकाश. सहा महिन्यांपुढे झिंक २० मिग्रॅ रोज, जुलाब थांबले तरी चौदा दिवस पूर्ण. अंगावरचं दूध, मऊ भात, केळं सुरूच ठेवा. गोड फळांच्या पेयांचे डबे ओआरएस म्हणून विकले जात. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेने, त्यांच्या नावात तो शब्द वापरायला मनाई केली. अशा पेयांतल्या साखरेने जुलाब वाढतात. शौचात रक्त असेल, डोळे खोल गेले असतील तर दवाखाना.

गुऱ्हाळ, उसाच्या ट्रॉल्या आणि सहली

गुऱ्हाळ बघायला मुलांना जरूर न्या, ताजी काकवी, गरम गूळ हे बालपणातच चाखायचं. फक्त काहील (गुळाची मोठी कढई) उकळत असताना मूल कडेवर किंवा मनगट धरून, आणि काहिलीपासून निदान दहा फुटांवर. चुलवाणाभोवतीची जमीन काकवीने चिकट-निसरडी असते, पळणारं मूल तिथेच घसरतं. गुळव्या काम करत असताना त्याच्या हालचालीच्या वाटेत उभं राहू नका. भाजलंच तर वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटं. उकळता गूळ कातडीला चिकटून भाजत राहतो, म्हणून पाणी लवकर सुरू करणं महत्त्वाचं. चिकटलेला गूळ ओढून काढू नका. बर्फ, टूथपेस्ट, शाई, हळद काही नको. भाजलेला भाग सोडून बाकीचं अंग पांघरुणात ठेवा, मग स्वच्छ सुती फडकं सैल झाकून हॉस्पिटलला. मुलाच्या तळहाताहून मोठं, किंवा चेहरा, हात, जांघ इथे भाजलं असेल तर नक्की दाखवायचं.

चालत्या ट्रॉलीतून ऊस ओढण्याचा खेळ गावोगाव चालतो. मुलांना नुसती शपथ घालून सोडू नका, पर्याय द्या: घरी मोळीभर ऊस आणून ठेवा. जोड-ट्रॉलीचं मागचं चाक पोराला दिसत नाही आणि चालकाला पोर दिसत नाही. रात्री दुचाकीवरून मुलांना घेऊन ऊसवाहतुकीच्या रस्त्याने जाणं टाळा, मागे दिवा नसलेली ट्रॉली अंधारात अचानक समोर येते. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला दुचाकीवर हेल्मेट नि चालकाला बांधणारा पट्टा, आणि वेग ताशी ४० च्या आत, हा आता कायदाच आहे. टाकीवर पुढे बसवलेलं मूल छातीवर सगळा गार वारा घेतं.

नाताळच्या आठवड्यात अंबाबाईच्या दर्शनाची रांग लांब असते. लहान मूल बरोबर असेल तर पहाटे जा, किंवा एकाने मुलाला घेऊन बाहेर थांबा, दुसऱ्याने दर्शन घ्या, मग अदलाबदल. मुलाच्या खिशात पालकांच्या नंबरची चिठ्ठी आणि ‘हरवलास तर इथेच उभा राहा’ ही सूचना. हरवलेल्या मुलासाठी १०९८ ही चाइल्डलाइन आहे. पन्हाळ्यावर वारा बोचरा असतो, कानटोपी घ्या, आणि सज्जाकोठीच्या किंवा तटाच्या कठड्यावर मुलाला फोटोसाठी उभं करू नका. नरसोबाच्या वाडीला मुलांना नदीत उतरवायचं असेल तर घाटाच्या पहिल्या पायरीवर, हात धरून. खालच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं. कोकणात उतरणार असाल तर करूळ, फोंडा, आंबा, कोणत्याही घाटाआधी तासभर मुलांना पोटभर मिसळ नको. कोरडी पोळी किंवा बिस्किट, मधल्या सीटवरून बाहेरचं दिसेल अशी जागा, मोबाइल बंद, खिडकी थोडी उघडी.

बोरन्हाण

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत होणारा हा पाच वर्षांखालच्या मुलांचा सोहळा, आणि त्यातला जवळजवळ प्रत्येक पदार्थ या वयात घशात अडकणारा. बोरं, हरभऱ्याचे घाटे, शेंगदाणे, उसाचे करवे, गोळ्या, हलवा. भोवतीची मुलं हसत, पळत, तोंडात टाकत वेचतात, आणि हसताना दाणा अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत जातो. सोहळा बंद करायची गरज नाही. डोक्यावरून चुरमुरे, झेंडूच्या नि शेवंतीच्या पाकळ्या, बत्तासे आणि मोठी बिस्किटं ओता. बोरं-शेंगा-करवे वेगळ्या ताटात ठेवून मोठ्या मुलांना वाणासारखे वाटा. हलव्याचे दागिने फोटो होताच उतरवा. नंतर सतरंजी झटकून घ्या, रांगणारं बाळ दुसऱ्या दिवशी तिथलाच दाणा उचलतं.

घास अडकून मूल आवाजच काढू शकत नसेल तर: एक वर्षाखाली बाळ हातावर पालथं, डोकं खाली, खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच थापा, मग उताणं करून छातीच्या मध्यावर दोन बोटांनी पाच दाब. एक वर्षापुढे पाच थापा आणि मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर आत-वर असे पाच दाब. जोरात खोकत असेल तर खोकू द्या, तोंडात आंधळेपणाने बोट घालू नका. शेंगदाणा खाताना ठसका लागला, थांबला, पण नंतर एकाच बाजूला घरघर किंवा न जाणारा खोकला राहिला तर डॉक्टरांना ठसक्याची गोष्ट आवर्जून सांगा. ती सांगितली नाही तर तो महिनाभर न्यूमोनिया म्हणून चालतो.

घर हसतं ठेवायचं तर

सुट्टीतली बहुतेक भांडणं भुकेची आणि झोपेची असतात. दहा दिवसांत तीन-चार बाहेरचे बेत पुरे, आणि दोन मोठ्या बेतांमध्ये एक रिकामा दिवस. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास, सहा ते बाराच्या मुलाला ९ ते १२ तास झोप लागते. उठायची वेळ एका तासापेक्षा जास्त सरकू देऊ नका.

पाहुणे येणार असतील तर स्वयंपाकाचा भार एकट्या बाईवर पडतो आणि तिसऱ्या दिवशी तिचा तोल जातो, तिची काही चूक नसताना. येण्याआधीच फोनवर ठरवा: एक वेळचं जेवण बाहेरून, सकाळचा नाश्ता दादांकडे, भांडी-पाणी मोठ्या मुलांकडे. सहा वर्षांचं मूल ताटं मांडू शकतं, दहाचं कोशिंबीर करू शकतं.

तान्हं बाळ असेल तर सर्दी झालेल्या माणसाने ते उचलू नये, हे तोंडावर सांगायला अवघड जातं. ते घरातल्या मोठ्या माणसाने सांगितलं तर कुणाला लागत नाही. आजीच दारात म्हणू शकतात, “मामी, आधी हात धुऊन घ्या की, बाळ लहान आहे. आणि पापा पायाचा घ्या, तोंडाचा नको.” दाराजवळच साबण नि स्वच्छ टॉवेल ठेवला तर सांगायचीही फारशी गरज पडत नाही. हात वीस सेकंद, बोटांच्या बेचक्यांसह.

शाळा सुरू होण्याच्या चार दिवस आधीपासून झोपायची वेळ रोज पंधरा-वीस मिनिटांनी अलीकडे आणा. एका रात्रीत दोन तास अलीकडे आणलेली झोप लागत नाही आणि सोमवारी मूल रिक्षात पेंगतं. ताप औषधाशिवाय पूर्ण चोवीस तास उतरलेला असेल तरच शाळेत पाठवा. सुट्टीभर दप्तरात पडलेली पाण्याची बाटली गरम पाण्याने, झाकणाची रबरी कडी काढून, ब्रशने घासा; त्या कडीखाली काळी बुरशी धरलेली असते.